चहाचं बघा

फुटबॉलच्या मॅच मी जितक्या पाहिल्या, त्यापेक्षा जास्त ऐकल्या आहेत. बसायचो हॉलमध्ये टीव्हीसमोरच, पण ऐन मोक्याच्या वेळी मला स्वयंपाकघरात पाठवलं जायचं. तिथं मी मेथी निवडत नाहीतर शेंगा धूत उभा, आणि बाहेरून आरडाओरडा आला की समजायचं, गोल झाला. आमच्या टीमचे गाजलेले गोल मला असे भाजीच्या देठांसकट आठवतात.

मला पाठवणारे म्हणजे आमचे शेजारी. वयानं बरेच मोठे, म्हणून आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. सातपूरच्या एका कारखान्यात जन्मभर फिटर होते. आमची दोन्ही रो-हाउसं एकाच भिंतीला टेकलेली. मी इकडं खिळा ठोकला की तिकडं त्यांचं कॅलेंडर पडायचं. मग दादा कॅलेंडर हातात घेऊनच दारात यायचे आणि म्हणायचे, "साहेब, अजून किती खिळे आहेत? म्हणजे एकदमच लावतो." मी पतसंस्थेत कारकून. मला साहेब म्हणणारा जगात तो एकच माणूस होता, आणि तोही थट्टेनं.

आपल्याकडं माणूस क्रिकेटचा असतो. दादा फुटबॉलचे झाले ते कंपनीमुळं. कंपनीनं एक मोठं मशीन घेतलं आणि ते शिकायला यांना थेट इंग्लंडातल्या एका गावी धाडलं. गाव कसं होतं असं विचारलं तर दादा सांगायचे, "सातपूरच. फक्त ओलं." तिथं ज्या घरात ते राहायचे, त्या घरच्या म्हाताऱ्यानं एका शनिवारी त्यांना मॅचला नेलं. गावची टीम सपाटून हरली. म्हाताऱ्यानं डोळे पुसले, दादांना बटाट्याचे काप घेऊन दिले आणि विचारलं, पुढच्या शनिवारी येणार ना? दादांना हे भयंकर आवडलं. मार खाऊन बाहेर पडताना पुढच्या शनिवारचं बोलणारी माणसं त्यांनी तोवर पाहिली नव्हती. ते परत आले तेव्हा गळ्यात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा लोकरीचा मफलर होता, आणि ती टीम जन्माची मागं लागली होती.

टीमचं नाव सांगण्यात अर्थ नाही. अशी टीम असते हे सुद्धा लोकांना आमच्यामुळं कळलं. कधी वरच्या गटात चढायची, तिथं वर्षभर धापा टाकायची आणि पुन्हा खाली यायची. दादांना त्याचं काही नव्हतं. "जिंकणाऱ्यांना काय, कोणीही टाळ्या वाजवतो," म्हणायचे, "आपल्यासारख्यांची खरी गरज इकडं आहे."

पुढं टीमच्या मॅच टीव्हीवर दिसायला लागल्या आणि दादांच्या हॉलमध्ये आमचा शनिवार सुरू झाला. मी, त्यांच्याबरोबर कारखान्यात काम केलेला आणि आता स्वतःचं छोटं वर्कशॉप असलेला एक मित्र, आणि दादांचे सायखेड्याचे मामेभाऊ. मामेभाऊ शेतकरी. शनिवारी शहरात भाजी घालायला यायचे आणि मॅच बघून मग मोटारसायकलवर गावी जायचे. वर्कशॉपवाल्याला मशीनच्या आवाजानं जरा कमी ऐकू येतं, त्यामुळं तो बोलतो तेही भाषणच असतं. वहिनी, म्हणजे दादांची बायको, शेंगा उकडून द्यायच्या, दोनदा चहा द्यायच्या आणि दर वेळी म्हणायच्या, "बावीस घोडे पळतायत आणि हे चार बसून घाम गाळतायत."

माझ्यावरचा ठपका सुरुवातीच्याच एका शनिवारी बसला. टीम हरत होती. मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो आणि बाहेर गोल झाला. बाहेर आलो तर समोरच्यांनी गोल केला. कुतूहल म्हणून मला पुन्हा आत पाठवलं, तर पुन्हा आमचा गोल. तेव्हापासून निकाल लागला. मी पनवती.

पण दादा सभ्य माणूस. त्यांनी हा शब्द माझ्या तोंडावर एकदाही वापरला नाही. सामना अडचणीत आला की ते टीव्हीवरची नजर न हलवता, अगदी सहज म्हणायचे, "साहेब, जरा चहाचं बघा." मी उठायचो. पहिल्या दिवसांत मान खाली घालून, मग हळूहळू ऐटीत. माझ्याशिवाय टीम तरत नाही, असं मला वाटायला लागलं होतं. ही समजूत मी घरी बोलून दाखवली तेव्हा माझी बायको म्हणाली, "घरात कधी चहाचं बघितलं नाहीत ते!"

आत वहिनी असायच्या. "आलात?" म्हणायच्या आणि समोर मेथीची जुडी सरकवायच्या. मग आम्ही दोघं भिंतीपलीकडचा सामना ऐकायचो. त्यांना फुटबॉलमधलं काही म्हणजे काही कळत नव्हतं, पण दादांचे आवाज ओळखू यायचे. "हे 'अरे' म्हणाले ना, ते बाहेर गेलं." "आता गप्प बसलेत, म्हणजे काहीतरी वाईट होणार." आणि मग सगळ्यांच्या वर दादांचं ते लांबलचक "आलाऽऽ!" ऐकू यायचं. गोल झाला की ते कधी गोल म्हणायचे नाहीत. स्टँडवर वाट बघितलेली बस आल्यासारखं, आलाऽऽ!

असे आमचे शनिवार चालले होते, आणि एका शुक्रवारी दुपारी जेवून आडवे झालेले दादा उठलेच नाहीत. ना आजार, ना दवाखाना. चहाला उठवायला वहिनी गेल्या तेव्हा कळलं. सायखेड्याचे मामेभाऊ आले, पायाशी बसले. मग म्हणाले, "शुक्रवारीच गेला. शनिवार तरी बघायचा ना एक." दुसऱ्या दिवशी आमची टीम जिंकली. कित्येक शनिवारांनी जिंकली. आमच्यातल्या कोणीच ती मॅच बघितली नाही, आणि जिंकण्याचं कारण बहुधा तेच असावं.

दहाव्याला आम्ही रामकुंडावर गेलो. शेजारीपाजारी इतरांचे विधी चाललेले, कोणाच्या पिंडाला कावळा शिवेना म्हणून मंडळी हात जोडून काय काय कबूल करत होती. आमचा पिंड ठेवला आणि कावळा आलाच. गुरुजींचं वाक्यही पुरं झालं नव्हतं.

"काही इच्छा राहिली नव्हती म्हणायची," वर्कशॉपवाला म्हणाला. त्याच्या हळू आवाजात. म्हणजे पलीकडच्या काठावरच्यांनी वळून बघितलं.

"राह्यली व्हती ना," मामेभाऊ म्हणाले. "टीम पयल्या नंबरात यायची. पर त्यासाठी थांबला असता तर तो कावळा उपाशी मेला असता. अन् ते काय दादाला बघवलं नसतं."

आम्ही सगळे हसलो. ओल्या धोतरात, डोळे लाल, आणि हसतोय. वहिनी बाजूला बायकांमध्ये बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि खांदे हलले ते रडण्यानं नव्हे हे मला ठाऊक आहे.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. नंतर ते रिकामं झालं. पुण्याची लेक शेवटी गेली. जाताना मला जिन्यापाशी गाठून म्हणाली, "काका, आईला मी पुण्याला नेणारे. तिला सांगितलंय. ती बघते म्हणाली. तुम्ही पण जरा समजवा." मी मान हलवली. मला काय वाटतं हे कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी भिंतीपलीकडं कोणी नसलं की माझे खिळे कोणासाठी, हे कारण सांगण्याजोगं नव्हतं.

मग दोनच दिवसांनी मी गच्चीवर गेलो आणि वहिनींच्या मागच्या अंगणात दोरीवर मफलर वाळत घातलेला दिसला. लाल-पांढरे पट्टे, खाली पाण्याचे थेंब. तो मफलर आजवर कधीच धुतला गेला नव्हता. दादा धुवूच द्यायचे नाहीत, नशीब निघून जातं म्हणून. मी जागच्या जागी सगळं ताडलं. वहिनी आवराआवर करतायत. दादांची वस्तू धुऊन, घडी घालून, पेटीत ठेवून पुण्याला चालल्या. त्यांना आता शनिवारची आठवणही नकोशी असणार.

माझा हा अंदाज मी फोनवर वर्कशॉपवाल्याला सांगितला, मग मामेभावांना. तिघांचं एकमत झालं की आता त्या घरी जाऊन टीव्ही लावणं शोभत नाही. बाईच्या दुःखाला काही मान आहे की नाही? मॅच तर बघायची होती. ठरलं की माझ्या घरी बघायची, पण मधली भिंत एकच, तेव्हा वहिनींना ऐकू जाता कामा नये. टीव्ही मुका ठेवायचा आणि आपणही.

तुम्ही कधी तीन मध्यमवयीन माणसांना आवाज न करता फुटबॉल बघताना पाहिलंय? माझ्या बायकोनं पाहिलं. मी सोफ्याच्या हातावर चिमटे काढतोय, मामेभाऊ टोपी चावतायत. वर्कशॉपवाल्याच्या तोंडात आम्ही आधीच एक उशीचं टोक दिलेलं. अर्ध्या तासानं आमचा गोल झाला. मी हॉलमध्ये बसलेला असूनही झाला. आम्ही उठून एकमेकांना मिठ्या मारल्या आणि चवड्यांवर उड्या मारल्या, ओठ आवळून. तेवढ्यात बायको आतून आली.

"ही शोकसभा आहे का चोरी?" ती म्हणाली.

मी तोंडावर बोट ठेवलं आणि भिंतीकडं दाखवलं. तिनं भिंतीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तुम्ही वहिनींना विचारलंत का, की त्यांना त्रास होतोय?"

"असं विचारतात का कोणी?" मी कुजबुजलो.

"नाही. तुम्ही तर नाहीच विचारणार," ती म्हणाली, आणि बेल वाजली.

दारात वहिनी. हातात ताट, त्यावर फडकं, फडक्याखालून वाफ. उकडलेल्या शेंगांचा वास आला.

"भाऊजी, आज मॅच नाही का?"

"नाही," मी म्हणालो. माझ्या पाठीमागं टीव्हीवर हिरवंगार मैदान. "म्हणजे… आहे."

वहिनींनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं. टोपी, उशी, मुका टीव्ही. "मग आवाज कुठंय?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून…"

"संध्याकाळपासून शेंगा उकडत ठेवून बसलेय," त्या म्हणाल्या. "म्हटलं, तेरावा झाला, आज तरी येतील. मग म्हटलं, बहुतेक इकडं बसले असतील. भिंतीला कान लावला तर काही नाही. मला वाटलं, तुम्ही लोकांनी सोडलंच. ते गेले म्हणून टीम पण सोडली."

मामेभाऊ उठून उभे राहिले, टोपी हातात. "वयनी, आमाला वाटलं तुमी आवरताय. मफलर धुतला ना तुमी."

"धुतला?" वर्कशॉपवाला उशी काढून ओरडला. ही गोष्ट आम्ही त्याला मुद्दाम सांगितली नव्हती. मी त्याला फोनवर नुसतं "आवराआवर चालली आहे" एवढंच म्हणालो होतो. "वहिनी, त्यात नशीब होतं हो!"

"होतं ना," वहिनी म्हणाल्या. "कुठलं? इतकी वर्षं काय जिंकलात?"

माझी बायको मोठ्यानं हसली. वहिनींनी ताट तिच्या हातात दिलं आणि त्या दाराशीच सोफ्याच्या कडेवर टेकल्या.

"मफलर धुतला कारण त्याला वास येत होता. त्यांनी मला कधी धुवू दिला नाही. आता धुतला, अन् वाळल्यावर होता तिथंच लावलाय, खुंटीवर." मग म्हणाल्या, "लेक म्हणते पुण्याला चल. मी तिला म्हटलं, थांब, एक शनिवार कसा जातो ते बघते अन् सांगते. बाकीचे वार जातात गं, मी म्हटलं, शनिवारचं काही सांगता येत नाही. तर आज हा असा गेला."

त्या एवढंच म्हणाल्या आणि उठल्या. दारातून वळून, "शेंगा गरम आहेत तोवर खा. अन् पुढच्या शनिवारी इकडं नका बसू."

त्या गेल्यावर बायकोनं टीव्हीचा आवाज चालू केला. तोवर समोरच्यांनी दोन गोल केले होते. आम्ही शेंगा खाल्ल्या. मीठ अगदी बरोबर पडलं होतं, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

पुढचा सगळा आठवडा मला धाकधूक. एका शनिवारवर त्या बाई घर बंद करायचं की नाही ते ठरवणार, आणि तो शनिवार आम्ही चवड्यांवर उड्या मारण्यात घालवलेला. आता हा दुसरा. तो तरी नीट जायला हवा होता. बायको म्हणाली, "तुम्ही फक्त नेहमीसारखे वागा. म्हणजे वेड्यासारखे."

शनिवारी आम्ही वेळेआधीच गेलो. हॉल तसाच होता. भिंतीवर दादांचा फोटो, शेजारी खुंटीवर मफलर. धुतल्यावर त्याचा लाल रंग इतका उजळ निघाला होता की तो दुसऱ्याच कुठल्या, जिंकणाऱ्या टीमचा वाटत होता. आणि मधोमध दादांची खुर्ची. कारखान्याच्या भंगारातल्या पाइपांची, स्वतः वेल्डिंग केलेली, बसलं की कुर्रर्र वाजणारी. आम्ही तिघं तिच्या आजूबाजूनं बसलो, फोटोला बसल्यासारखे आखडून. मॅच सुरू झाली. आम्ही बोललो, पण बोलणं कसं, तर बँकेच्या रांगेतलं.

"चांगला पास होता."

"हो, बरा होता."

आतून वहिनींच्या भांड्यांचा आवाज येत होता. मग तोही थांबला. त्या ऐकत असणार, आणि ऐकण्यासारखं काही नव्हतं.

शेवटची काही मिनिटं राहिली. बरोबरी. समोरच्यांनी आमच्या गोलपाशी नुसती झुंबड उडवली होती, बॉल निघता निघेना. हाच तो क्षण. वर्कशॉपवाल्यानं माझ्याकडं बघितलं आणि नजर खाली घातली. मामेभावांनी घसा खाकरला, पण पुढं काही बोलले नाहीत. मला उठायला सांगणं हे दादांचं काम होतं. दुसऱ्या कोणी ते वाक्य म्हणणं म्हणजे त्यांच्या खुर्चीत बसणं. आणि मी? मी आपणहून उठायला हवं होतं. पण खरं सांगतो, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला अटीतटीचा शेवट डोळ्यांनी दिसणार होता. मी बसूनच राहिलो.

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी येऊन उभ्या राहिल्या. हात पुसत. टीव्हीकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "चहाचं बघा."

मामेभावांनी टोपी डोक्यावरून काढली. मी उठलो. वहिनी माझ्या शेजारून पुढं आल्या, पदरानं खुर्चीची बैठक झटकली आणि बसल्या. कुर्रर्र. तोच आवाज. मी मागं वळून न बघता आत गेलो.

ओट्यावर दूध तापत ठेवलेलं, आणि शेजारी मेथीची जुडी. एकटा निवडायला मी पहिल्यांदाच उभा होतो. बाहेरचं काही समजेना, कारण "हे 'अरे' म्हणाले, म्हणजे बाहेर गेलं" असं सांगायला आत कोणी नव्हतं. एवढ्यात ओट्यावरचा वहिनींचा फोन वाजला. पुण्याची लेक.

"काका? तुम्ही कसे? आई कुठंय?"

"खुर्चीत," मी म्हणालो.

"कुठल्या खुर्चीत?"

"दादांच्या. मॅच बघतायत."

मग म्हणाली, "तिला विचारा ना, येत्या शनिवारी गाडी घेऊन येऊ का न्यायला? सुट्टी आहे मला."

मी दाराकडं तोंड करून ओरडून विचारलं. हॉलमधून उत्तर आलं, गडबडीत, त्रासून, "शनिवारी कसं जमेल? तिला म्हणावं, चार दिवस राहायला येईन, पण सोमवारी येईन अन् शुक्रवारी मला परत सोड! अहो बघा ना, तो पाडतोय त्याला!"

हे मला फोनमध्ये पुन्हा सांगावं लागलं नाही. लेकीनं ऐकलं होतं. ती हसत होती, नाक ओढत होती. "बरं," म्हणाली, "मॅच संपल्यावर करते मी," आणि फोन ठेवला.

तेवढ्यात बाहेर भडका उडाला. वर्कशॉपवाल्याची गर्जना, मामेभावांची शिट्टी, आणि त्या दोघांच्या वर एक बारीक, लांबलचक, "आलाऽऽ!"

माझ्या मागं दूध उतू गेलं. गॅस बंद करून, हातात मेथीची काडी तशीच धरून मी दारापाशी धावलो. निदान रिप्ले तरी दिसेल म्हणून मान आत घातली.

"कोणाचा? आपला ना?"

वहिनींनी टीव्हीवरची नजर हलवली नाही. "अजून वेळ आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही आतच थांबा."